पिकअपच्या हौद्यातला फ्रीज

मेलबर्नपासून पाऊणशे किलोमीटरवर, खाडीच्या काठाला जिलाँग नावाचं शहर आहे. इथे राहायला आल्यावर मला हळूहळू कळत गेलं, की ऑस्ट्रेलियाच्या रोजच्या जगण्यातल्या दोन मोठ्या गोष्टी याच गावात आकाराला आल्या. दोन्हींच्या मध्ये ऐंशी वर्षं गेली आणि त्या घडवणारी माणसं एकमेकांना कधी भेटली नाहीत. आज मात्र त्या दोन गोष्टी इथल्या प्रत्येक लांबच्या प्रवासात एकमेकींच्या शेजारी बसलेल्या दिसतात.

पहिली गोष्ट जेम्स हॅरिसनची. हा मूळचा स्कॉटलंडचा माणूस, पेशाने पत्रकार. ‘जिलाँग ॲडव्हर्टायझर’ हे वर्तमानपत्र तो चालवत असे. छपाईचे खिळे धुवायला ईथर वापरत. ते उडून जाताना धातू गार पडतो, हे त्याच्या ध्यानात आलं, असं सांगतात. 1850च्या दशकात त्याने इथल्या बारवन नदीकाठी बर्फ तयार करणारं यंत्र उभं केलं. ईथरची वाफ दाबायची, थंड करून तिचा द्रव करायचा आणि तो पुन्हा उडू द्यायचा, हे त्या यंत्राचं तत्त्व. 1856 साली त्याने इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं. तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातला फ्रीज आजही याच चक्रावर चालतो. 1873 मध्ये त्याने ‘नॉरफोक’ जहाजातून गोठवलेलं मांस लंडनला पाठवलं. वाटेत ते नासलं आणि हॅरिसन कर्जात बुडाला. 1893 मध्ये तो जिलाँगमध्येच वारला.

दुसरी गोष्ट ल्यू बँडट या ऐन विशीतल्या तरुणाची. फोर्डच्या जिलाँगच्या कारखान्यात तो डिझाइनर होता. 1932 च्या सुमारास गिप्सलँड भागातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने कंपनीला पत्र लिहिलं. रविवारी चर्चला जाताना पावसात भिजायला नको आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरं बाजारात नेता यावीत, अशी गाडी तिला हवी होती. बँडटने मोटारीची बंद केबिन आणि मागचा हौदा एकाच अंगात ओतले. 1934 मध्ये ती गाडी रस्त्यावर आली. ऑस्ट्रेलियन माणूस तिला ‘यूट’ म्हणतो, आपण पिकअप म्हणू.

जिलाँगच्या कारखान्यातलं फोर्डचं उत्पादन 2016 मध्ये बंद झालं. पण हॅरिसनचं चक्र बँडटच्या हौद्यात बसवण्याचं काम इथल्या गल्लीबोळांतल्या गॅरेजांत रोज चालतं. त्या कामाची बारकाई मला गेली काही वर्षं खेचून घेते आहे. चुकीची माहिती, अर्धवट वायरिंग आणि त्यापायी वाया गेलेलं अन्न-औषध मी इतकं पाहिलं आहे, की हे सगळं एकदा मराठीत नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

या देशात फ्रीज गाडीत न्यावा का लागतो, ते नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातला कॅनिंग स्टॉक रूट हा गुरं हाकत नेण्याचा जुना मार्ग सुमारे 1850 किलोमीटर लांब आहे आणि तो वाळूच्या शेकडो टेकड्या ओलांडत जातो. नलारबॉरच्या पठारावरून जाणाऱ्या आयर हायवेवर सलग 146.6 किलोमीटरचा रस्ता एकही वळण न घेता जातो. या हायवेवर मध्येमध्ये पेट्रोलपंप लागतात, तिथे बर्फही मिळतो. पण डिसेंबर-जानेवारीच्या उन्हात पेटीतला बर्फ फार तर दोन-तीन दिवस टिकतो, आणि वितळलेल्या पाण्यात भाजी, चीज, मांस सगळंच पोहायला लागतं. 1890च्या दशकात कूलगार्डीच्या सोन्याच्या खाणींवर लोकांनी वेगळी युक्ती काढली होती. लाकडी सांगाड्याला गोणपाट लावायचं, वर पाण्याचं तबक ठेवायचं आणि कापडाच्या पट्ट्यांनी ते पाणी गोणपाटावर झिरपत ठेवायचं. आपल्याकडे वाळ्याच्या ताट्या ज्या न्यायाने खोली गार करतात, त्याच न्यायाने ही ‘कूलगार्डी सेफ’ लोणी वितळू देत नसे. तिला वारा लागतो आणि पाणी लागतं. वाळवंटात वाऱ्याची कमतरता नसते, पाणी मात्र मोजून प्यावं लागतं.

गाडीच्या बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रीज इथे रुळला तो जपानी ‘एंगल’मुळे. सावाफुजी इलेक्ट्रिक ही कंपनी तो बनवते. त्यातली मोटर गोल फिरत नाही. विजेच्या कंपनाबरोबर पिस्टन सरळ पुढेमागे हलतो, म्हणून झिजायला भागच कमी. कच्च्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं आदळूनही चालणारे जुने एंगल मी अजून पाहतो. दुसरं घराणं डॅनफॉसच्या बीडी-35 कॉम्प्रेसरचं. डॅनफॉसचा तो विभाग 2010 पासून ‘सेकॉप’ नावाने ओळखला जातो. हा कॉम्प्रेसर मिनिटाला 2000 ते 3500 फेऱ्यांमध्ये वेग बदलतो आणि 12 व 24 दोन्ही व्होल्टवर चालतो. बाजारातल्या कितीतरी नावांच्या फ्रीजमध्ये हाच किंवा याच जातीचा कॉम्प्रेसर असतो.

स्वस्तात मिळणारे ‘कार कूलर’ मात्र या पंक्तीत बसत नाहीत. त्यांत कॉम्प्रेसर नसतो. दोन भिन्न पदार्थांच्या सांध्यातून वीज गेली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, या पेल्टिए परिणामावर ते चालतात. बाहेरच्या हवेपेक्षा साधारण वीस अंशच खाली जाण्याची त्यांची ताकद. बाहेर 42 असेल तर आत 22. शिवाय ते अखंड चार-पाच अँपिअर ओढतात, थांबत नाहीत. दूध किंवा औषध यांच्या भरवशावर ठेवू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता हिशेब. चाळीस लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज चालू असताना साधारण चार ते पाच अँपिअर घेतो. आतलं तापमान चार अंशांवर आलं की कॉम्प्रेसर बंद होतो, चढलं की पुन्हा सुरू होतो. उन्हाळ्यात तो दिवसाचा चाळीस टक्के वेळ चालतो असं धरलं, तर चोवीस तासांत चाळीस अँपिअर-तासांच्या आसपास खर्च होतो. झाकण सारखं उघडलं, त्यात गरम बाटल्या कोंबल्या किंवा त्याचा फ्रीझर केला तर आणखी. पिकअपच्या बॉनेटखाली असते ती इंजिन सुरू करायची बॅटरी. समजा ती सत्तर अँपिअर-तासांची आहे. आकडा पुरेसा वाटतो, पण ती बॅटरी पातळ प्लेटांची असते. दोन सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच अल्टरनेटरकडून भरून घ्यायचे, एवढ्यासाठीच ती घडवलेली आहे. ती रात्रभर हळूहळू उतरवली की सकाळी सेल लागत नाही, आणि असं वारंवार झालं की ती कायमचीच जाते.

एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. म्हणून लोक मोठी बॅटरी घेतात, महागडा फ्रीज घेतात, आणि तरीही दुसऱ्या दिवशी फ्रीजवरचा लाल दिवा लुकलुकतो. फ्रीज परत करायला दुकानात जातात. दुकानात तो व्यवस्थित चालतो!

असाच एक ‘बिघडलेला’ फ्रीज इथल्या औद्योगिक वस्तीतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या गॅरेजमध्ये आला, तेव्हा मी तिथे होतो. दोन दारांची पिकअप, हौद्यावर झाकण, आत फ्रीज, आणि तो हौद्यातल्या सिगारेट लायटरच्या सॉकेटला जोडलेला. साठीतला तो कारागीर फ्रीजकडे वळलाही नाही. त्याने मल्टिमीटर काढला आणि बॉनेट उघडून बॅटरीवर लावला: 12.5 व्होल्ट. मागे जाऊन सॉकेटवर लावला: तिथेही 12.5. मालक म्हणाला, “बघा, वीज तर पूर्ण येतेय.” कारागीर म्हणाला, “थांबा.” आम्ही थांबलो. फ्रीजचं तापमान खाली सेट केलं, कॉम्प्रेसर घुरघुरला आणि मीटरचा आकडा खाली येत 11.1 वर थांबला. त्याच क्षणी बॅटरीवर मात्र 12.4 होते. म्हणजे बॅटरी ते सॉकेट एवढ्या अंतरात 1.3 व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होते. काही सेकंदांत फ्रीजने स्वतःला बंद केलं, दिवा एकदा लुकलुकला, आकडा पुन्हा 12.5 वर चढला. सेकॉपच्या यंत्रणेत एक लुकलुक म्हणजे ‘व्होल्टेज कमी, बॅटरी वाचवण्यासाठी थांबलो’. बॅटरी भरलेली होती, फ्रीज धडधाकट होता. तार बारीक होती.

हे नीट समजून घ्यावं, कारण सगळा लेख इथे येऊन टेकतो. तारेतून प्रवाह वाहत नसेल तर व्होल्टेज पडत नाही, म्हणून फ्रीज बंद असताना मीटर कायम चांगलाच आकडा दाखवतो. प्रवाह सुरू झाला की तार आपला वाटा मागते. बॅटरीपासून हौद्यापर्यंत सहा मीटर धरले, तर जायचे सहा आणि यायचे सहा मिळून बारा मीटर तांबं झालं. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेत एवढ्या अंतरावर पाच अँपिअरला एक व्होल्टहून थोडं जास्त पडतं. वर सॉकेटच्या स्प्रिंगचा ढिला स्पर्श, फ्यूज होल्डर, गंजलेल्या बोल्टवर घेतलेला अर्थ, यातलं प्रत्येक थोडंथोडं खातं. घरच्या 230 व्होल्टमधून एक व्होल्ट गेला तर कुणाला पत्ता लागत नाही. इथे बारातून एक जातो आणि यंत्र थांबतं. त्या इलेक्ट्रिशियनने थेट बॅटरीपासून साडेतेरा चौरस मिलिमीटरची केबल ओढली, टोकांना थिंबल मारले, लायटरचं सॉकेट काढून राखाडी रंगाचा 50 अँपिअरचा अँडरसन प्लग बसवला. या प्लगचे दोन्ही भाग अगदी सारखे असतात, नर-मादी असा भेद नाही, आणि खड्ड्यांनी तो सहसा सुटत नाही. पुन्हा मीटर लावला. कॉम्प्रेसर चालू असताना 12.3.

सेकॉपच्या माहितीपत्रकातला नियम लक्षात ठेवायला फार सोपा आहे: 12 व्होल्टसाठी बॅटरी ते फ्रीज अंतर अडीच मीटर असेल तर अडीच चौरस मिलिमीटरची तार, चार मीटरला चार, सहाला सहा, दहाला दहा. मी म्हणेन, त्याहून एक पायरी जाडच घ्यावी. ऑस्ट्रेलियात इथे आणखी एक खड्डा आहे. दुकानात ‘6 मिलिमीटर ऑटो केबल’ म्हणून जी मिळते, तिचा सहा हा आकडा प्लास्टिकसकट बाहेरच्या व्यासाचा असतो. आत तांबं फक्त 4.59 चौरस मिलिमीटर. ‘4 मिलिमीटर’ची तर 1.84. कितीतरी जाणती माणसंही यात फसलेली आहेत. महाराष्ट्रात आपला वायरमन ‘अडीच स्क्वेअर’, ‘चार स्क्वेअर’ अशी तांब्याच्या क्षेत्रफळाची भाषा बोलतो, तीच बरोबर. भारतातून इकडे आलेल्यांनी ती सोडू नये.

तार जाड झाली की प्रश्न उरतो रात्रीचा. एका जागी दोन रात्री मुक्काम करायचा असेल तर दुसरी बॅटरी हवीच. तिला भरायची कशी, यात गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोठा बदल झाला आहे आणि जुन्या माहितीवर विसंबलेले लोक तिथेच ठेचकाळतात. पूर्वी अल्टरनेटर इंजिन चालू असेतो चौदाच्या वर व्होल्ट देत राही. दोन बॅटऱ्यांमध्ये एक रिले टाकला की काम भागे. साधारण 13.3 व्होल्ट दिसले की तो दोन्ही जोडतो, 12.8 च्या खाली आले की तोडतो. सोपी, टिकाऊ युक्ती. पण प्रदूषणाचे नियम कडक झाले, इंधनाचा थेंब न् थेंब वाचवायचा म्हणून नव्या गाड्यांत अल्टरनेटरची सूत्रं संगणकाच्या हाती गेली. मुख्य बॅटरी भरली की तो व्होल्टेज बारा-साडेबारापर्यंत उतरवतो. मग रिले कधी जोडतो, कधी तोडतो, आणि तीनशे किलोमीटर गाडी हाकूनही दुसरी बॅटरी अर्धीच.

म्हणून आता डीसी-डीसी चार्जर लागतो. येणारं व्होल्टेज काहीही असो, तो ते कमी-जास्त करून बॅटरीला हवं तेवढं देतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातली रेडार्क ही 1979 पासूनची कंपनी या कामात नावाजलेली आहे, इतरही आहेत. चार्जरला जाणारी तारही जाडच हवी. पंचवीस अँपिअर ओढताना त्या 4.59 चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये बारा मीटरला 1.1 व्होल्टच्या वर पडतं, साडेतेराच्या केबलमध्ये 0.4 च्या आत. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. नव्या गाड्यांच्या बॅटरीच्या ऋण टोकावर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, बॅटरीतून किती गेलं आणि किती आलं ते मोजणारा. फ्रीजची ऋण तार त्याला वळसा घालून थेट बॅटरीच्या टोकाला लावली, की त्याचा जमाखर्च चुकतो. ती गाडीच्या बॉडीला, रंग खरवडून, घट्ट बोल्टने लावावी.

दुसरी बॅटरी कोणती? लिथियम आयर्न फॉस्फेटची महाग पडते, पण शंभरातले ऐंशी-नव्वद अँपिअर-तास निर्धास्त वापरता येतात. शिशाच्या एजीएम बॅटरीमध्ये निम्म्यावर थांबावं लागतं. लिथियम बॉनेटखाली ठेवू नये, तिथली उष्णता तिला सोसत नाही, आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये. बाकी तुलना जाहिराती करतातच.

हे सगळं हौसेचं वाटेल. त्यामुळे आमच्या ओळखीतल्या एका मराठी कुटुंबाबद्दल सांगतो. दिवाळीच्या आगेमागे, नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी, मेलबर्न कपची सुट्टी असते. तिला दोन-चार रजा जोडून ते ॲडलेडमार्गे पश्चिमेकडे निघाले. सोबत पुण्याहून आलेली आई, तिचं इन्शुलिन. मुलाने वायरिंग उत्तम करून घेतलं होतं, फ्रीज एकदाही थांबला नाही. पण इन्शुलिनची पेनं तळाशी, गार भिंतीला टेकून ठेवली होती. सेडुना गावाच्या पुढे एका मुक्कामी आईने डबा उघडला आणि म्हणाली, “अरे, याच्यात बर्फाचे कण दिसतायत बघ.” मुलगा म्हणाला, “आई, जरा हातात धर, वितळेल.” ती म्हणाली, “वितळलं तरी ते घ्यायचं नसतं. डॉक्टरांनी बजावलंय.” तिचं बरोबर होतं. न उघडलेलं इन्शुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं, आणि एकदा गोठलं की टाकूनच द्यायचं. वापरात असलेलं एक पेन तिच्या पर्समध्ये होतं. चालू पेन बहुतेक प्रकारांत काही आठवडे साध्या, फार गरम नसलेल्या हवेत चालतं. त्यावर निभावलं, पुढच्या गावात नवं घेतलं. या पेटीफ्रीजमध्ये तळ आणि वरचा भाग यांत बऱ्याच अंशांचा फरक पडतो, आणि झाकणावरचा आकडा एकाच जागेचा असतो. औषधासाठी वेगळा छोटा थर्मामीटर आत ठेवावा, औषध डब्यात घालून वरच्या टोपलीत ठेवावं आणि तापमान पाच अंशांच्या खाली लावू नये.

त्याच प्रवासात पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवरच्या तपासणी नाक्यावर त्यांना फ्रीज रिकामा करावा लागला. फळं, ताज्या भाज्या, मध यांतलं बरंच काही कीड-रोगांच्या भीतीने त्या राज्यात नेऊ देत नाहीत. कोथिंबिरीची जुडीसुद्धा गेली. नलारबॉर ओलांडणाऱ्यांनी सीमा येण्याआधी भाजी शिजवून संपवावी.

महाराष्ट्रातही आता हा विषय परका राहिलेला नाही. इसुझूची व्ही-क्रॉस 2016 पासून आणि टोयोटाची हायलक्स 2022 पासून भारतात विकली जाते. स्पिती-लडाखकडे स्वतःची गाडी घेऊन जाणारी मराठी माणसं फ्रीज बसवून घेऊ लागली आहेत. मला मात्र हौसेच्या प्रवासापेक्षा कामाच्या पिकअपमध्ये याचा उपयोग अधिक दिसतो. कोकणातून मासळी थर्माकोलच्या खोक्यांत बर्फ घालूनच घाटावर जाते आणि एवढ्या मालाला या छोट्या पेट्या पुरणार नाहीत. पण वाड्यावस्त्यांवर गुरांच्या लसी घेऊन फिरणारा पशुवैद्य, एखाद-दुसरी औषधाची पेटी पोचवणारा माणूस, यांच्या पिकअपमध्ये वीस लिटरचा फ्रीज, सहा चौरस मिलिमीटरची तार आणि एक वेगळी बॅटरी एवढं पुरे आहे. चंद्रपूरच्या मे महिन्यात, 45 अंशांत, कॉम्प्रेसर जवळजवळ थांबणारच नाही हे मात्र हिशेबात धरावं. चाळीस टक्क्यांचा आकडा तिथे लागू नाही. फ्रीजच्या जाळीसमोर चार बोटं मोकळी जागा ठेवली आणि गाडी सावलीत लावली, तर मोठ्या बॅटरीइतकाच फायदा होतो.

शेवटी ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त जोर द्यायचा आहे ती म्हणजे फ्यूज. फ्यूज फ्रीजला वाचवण्यासाठी नसतो, तारेला वाचवण्यासाठी असतो. बॅटरीपासून हौद्यापर्यंत जाणारी तार पत्र्याच्या कडांवरून, गरम सायलेन्सरजवळून, हलत्या भागांशेजारून जाते. कुठे तिचं प्लास्टिक घासलं आणि तांबं बॉडीला लागलं, तर भरलेली बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि तार काही क्षणांत लालबुंद होते. इथल्या उन्हाळ्यात, चहूकडे वाळलेलं गवत असताना, याचा अर्थ काय होतो ते ऑस्ट्रेलियात कुणाला सांगावं लागत नाही. आपल्याकडच्या गाड्यांत तर डिझेलची टाकी आणि मागे भरलेला माल असतो. फ्यूज फ्रीजजवळ बसवून उपयोग नाही, कारण मधली सगळी तार मग उघडीच राहते. तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा. दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या तारेला दोन्ही टोकांना हवा, कारण तिथे वीज दोन्हीकडून येऊ शकते. आकडा तारेला सोसेल एवढाच, नुसत्या फ्रीजच्या तारेला 15 अँपिअर पुरतो.

गाडीत फ्रीज बसवून घेतलेल्या वाचकांनी आज बॉनेट उघडून बॅटरीच्या धन टोकापासून ती तार हाताने चाचपत जावं. वीतभरात फ्यूज सापडला नाही, तर ती तार बॅटरीवरून काढून ठेवावी आणि फ्यूज बसेपर्यंत पुन्हा जोडू नये.